सांगलीत लॅमिनेट फ्लोअरिंग घेताय? आधी ओल बघा, डिझाइन नंतर

विश्रामबागेत आमचं जुनं दुमजली घर आहे. खाली शहाबादी, वर मोझॅक. थंडीत सासूबाई खालच्या खोलीत मोजे घालून वावरायच्या, तरी गुडघे धरायचे. म्हणून एका मे महिन्यात आम्ही वरच्या दोन खोल्यांत आणि खाली त्यांच्या खोलीत लॅमिनेट फ्लोअरिंग टाकून घेतलं. जुलैत वरच्या एका खोलीत मधोमध फरशी उचलली गेली. पाय ठेवला की खाली दबायची, उचलला की वर यायची. खालच्या खोलीत दिवाळीपर्यंत एकूण एक सांध्याची कड फुगली. खालचं सगळं उपटून टाकावं लागलं. वरचं दुरुस्त केलं, ते आजही वापरात आहे आणि छान आहे.

तिन्ही खोल्यांतला माल एकाच गाडीतून आलेला होता, बॅच नंबरसुद्धा एकच. वर टिकला, खाली कुजला. तेव्हा दुकानदाराशी भांडून काही उपयोग नव्हता. आम्ही रंग निवडण्यात तीन रविवार घालवले आणि खोलीकडे एकदाही नीट बघितलं नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

दुकानात जाऊन नुसतं "लॅमिनेट दाखवा" म्हणालात तर समोर सनमायकाची पुस्तकं येतील. फर्निचरवर चिकटवतात ते. "वुडन फ्लोअरिंग" म्हणालात तर तीन वेगवेगळे प्रकार एकाच नावाखाली दाखवतील, म्हणून हे तीन माहीत असू द्या.

लॅमिनेट फ्लोअरिंग म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड, ज्याला एचडीएफ म्हणतात. त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, कागदावर झीज सोसणारा पारदर्शक थर आणि बोर्ड वाकू नये म्हणून खाली आणखी एक थर. वरून दिसतं ते लाकूड नाही, लाकडाचं चित्र आहे. इंजिनिअर्ड वुडमध्ये वरचा पातळ थर खऱ्या लाकडाचा असतो आणि ते बरंच महाग पडतं. तिसरा प्रकार एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक यांचा बोर्ड. दिसायला लॅमिनेटसारखाच, पण पाण्यानं फुगत नाही.

नमुन्याची पट्टी हातात घेऊन कड बघा. तपकिरी, पुठ्ठ्यासारखा गाभा दिसला तर लॅमिनेट. राखाडी, जड आणि पातळ असेल तर एसपीसी.

२. तुमच्या घराला ते चालेल का, हे स्वतःला विचारा

मोरी, बाथरूम, बाल्कनी इथे लॅमिनेट नकोच. स्वयंपाकघरातही नको असं माझं मत आहे. काही जण टाकतात, पण आपल्याकडे स्वयंपाकघरात पाणी सांडणं हा अपवाद नसतो, रोजचं असतं.

आता सांगलीकरांसाठी वेगळा मुद्दा. तुमचं घर गावभागात, कर्नाळ रोडला, दत्तनगर किंवा शामरावनगरच्या सखल भागात तळमजल्यावर असेल, तर पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका. टाइल्सच लावा. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याला ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा ५० च्या पुढे. इथे पाऊस नसला तरी कोयनेतून विसर्ग वाढला की आपण सामान माळ्यावर चढवायला लागतो. टाइल्सवरचा गाळ फावड्यानं ओढून, पाइप मारून धुता येतो. लॅमिनेट एकदा बुडालं की त्याची लापशी होते, आणि त्याच्याखाली अंथरलेल्या फोममध्ये अडकलेल्या गाळाचा वास महिनोन्महिने जात नाही. कुणी कितीही "वॉटरप्रूफ" म्हणालं तरी.

पूर येत नाही अशा भागातला तळमजला असेल तर उत्तर लगेच "नाही" असं नाही, पण पुढची परीक्षा घेतल्याशिवाय "हो" म्हणू नका. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोल्या, अभ्यासाची खोली, फ्लॅटमधला हॉल या लॅमिनेटच्या खऱ्या जागा. पायाला गार लागत नाही, जुनी फरशी न फोडता वरच्या वर बसतं आणि दोन खोल्यांचं काम दोन दिवसांत उरकतं.

३. ओलीची परीक्षा पावसाळ्यात घ्या, मे महिन्यात नाही

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मे महिन्यात सांगलीतली कुठलीही फरशी कोरडीच दिसते.

परीक्षा सोपी आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोनी तुकडा घ्या. फरशी पुसून पूर्ण वाळवा. तुकडा फरशीवर पसरून चारही कडा रुंद चिकटपट्टीनं हवाबंद करा. चोवीस तास, जमलं तर दोन दिवस तसाच ठेवा. मग आतून बघा. प्लास्टिकला दव धरलंय का? खालची फरशी आजूबाजूच्यापेक्षा काळपट झालीय का? दोन्हींतलं काहीही दिसलं तर जमिनीतून ओल वर येते आहे. एका खोलीत एकच तुकडा पुरत नाही. एक मधोमध, एक बाहेरच्या भिंतीलगत आणि एक मोरीच्या बाजूला लावा.

ऑगस्ट-सप्टेंबर हा या कामाचा मोसम. जमीन तेव्हा भिजून तृप्त असते. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि जुन्या घरांत शहाबादीखाली मुरूम-चुन्याचा भराव असतो, प्लास्टिकचा अडसर कुठे नसतोच. सासूबाईंच्या खोलीत नंतर हीच परीक्षा घेतली तेव्हा सकाळी प्लास्टिकखाली बोटानं नाव लिहिता येईल इतकं दव होतं. वर फ्लोअरिंग आलं आणि त्या ओलीला बाहेर पडायची वाट राहिली नाही. ती बोर्डात शिरली.

सोबत आणखी दोन गोष्टी बघा. भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे निघतायत का, आणि चौकटींना, कपाटाच्या मागे कुठे वाळवीची मातीची रेघ आहे का. लॅमिनेट म्हणजे वाळवीसाठी वाढून ठेवलेलं ताटच. रेघ दिसली तर आधी पेस्ट कंट्रोल, मग बाकीचं.

परीक्षा पावसात घेतली तरी फ्लोअरिंग मात्र पावसाळा सरल्यावर टाका. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. हवा ना फार दमट, ना फार कोरडी.

४. बॉक्सवर काय वाचायचं

जाडी: ६ पासून १२ मिमीपर्यंत मिळते. घरासाठी ८ मिमी पुरे. १२ मिमीची चाल भरीव वाटते, आवाज कमी येतो, पण दाराखालून ती जागा निघते का ते आधी बघा.

एसी आकडा: एसी१ ते एसी६ असा असतो. झोपायच्या खोलीला आणि साधारण घराला एसी३ चालतो. हॉलमध्ये मुलं, पाहुणे, कुत्रा असेल तर एसी४ घ्या. मला दुकानात सांगितलं, "एसी४ आहे वहिनी, पाणी ओता." तो आकडा वरचा थर घासून किती झिजतो ते सांगतो. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

हिरवा गाभा: कड हिरवी असलेला बोर्ड ओलाव्याचा म्हणून जास्त दरानं विकतात. हिरवं म्हणजे नुसता रंग, तो कशातही मिसळता येतो. पाणी किती सोसेल हे बोर्ड किती घट्ट दाबलाय, त्यात रेझिन (चिकट द्रव्य) कोणतं आहे आणि कडांना मेण लावलंय का यावर ठरतं. ते रंगावरून कळत नाही. कसं कळतं ते पुढच्या पायरीत येईल.

ई१ किंवा ई०: बोर्डातल्या चिकट द्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू बाहेर पडतो, त्याची मर्यादा हे वर्ग दाखवतात. ई० मध्ये तो आणखी कमी. बॉक्सवर यातलं काहीच छापलेलं नसेल तर तो माल लहान मुलांच्या खोलीत टाकू नका. बॉक्स उघडल्यावर डोळे चुरचुरले, तर छापलेलं असलं तरी मी तरी नको म्हणेन.

रंगाबद्दल एवढंच: फार काळपट रंगावर धूळ आणि पावलं उठून दिसतात, अगदी पांढुरक्यावर सांध्यांतली घाण दिसते. मधला रंग घ्या. आणि नमुना दुकानातल्या लाइटखाली ठरवू नका.

५. नमुना घरी आणून पाण्यात बुडवा

हे कुणी सांगत नाही. ज्या दोन-तीन बोर्डांवर तुमचं मन बसलंय त्यांचे हातभर तुकडे मागून आणा. चांगला दुकानदार देतो. प्रत्येकाचा सारख्या मापाचा छोटा तुकडा कापा, सांध्याची एक कड त्यात असू द्या. कडेची जाडी व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या हत्यारानं) मोजून मागे लिहून ठेवा. माझा भाऊ कुपवाड एमआयडीसीत आहे, त्यामुळे व्हर्नियर घरात आलं. नसेल तर एखाद्या लेथवाल्याकडे जाऊन मोजून घ्या, मिनिटाचं काम आहे. मग तुकडे घमेल्यात पाण्याखाली दाबून ठेवा आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजा.

थोडे सगळेच फुगतात. बघायचं ते तुकड्यातुकड्यांतला फरक. नंतर एकदा मी तीन तुकडे बुडवले. त्यातल्या एकाची कड बिस्किटासारखी उमलली, आणि तिघांत महागडा तोच होता.

६. मापं आणि बॉक्सचा हिशेब

खोलीची लांबी-रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजा. जुन्या घरांत भिंती काटकोनात नसतात. सर्वांत मोठं माप धरा. कापाकापीसाठी ८ ते १० टक्के वर घ्या, तिरपं टाकायचं असेल तर १५.

उदाहरणार्थ, १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. १० टक्के धरून १३२. १२१५ बाय १९५ मिमीच्या आठ पट्ट्यांचा बॉक्स असेल तर तो साधारण २०.४ चौरस फूट भरतो. म्हणजे साडेसहा बॉक्स, घ्यायचे सात. उरतील त्या पट्ट्या परत करू नका, पुढे लागणार आहेत.

फ्लोअरिंगचा दर चौरस फुटाला सांगतात, पण तेवढ्यात काम होत नाही. फोम, प्लास्टिक शीट, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी), दारातली जोडपट्टी, मजुरी, जुनी फरशी समतल करणं आणि दारं तासणं हे सगळं वेगळं लागतं. प्रत्येकाचा दर वेगवेगळा लिहून मागा. आम्ही "सगळं धरून" या दोन शब्दांवर विसंबलो, आणि त्या सगळ्यात प्लास्टिक शीट नव्हती हे फरशी उपटल्यावर कळलं.

७. कागदपत्रं

हे जपून ठेवा:

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर कंपनी, डिझाइन क्रमांक, जाडी आणि एसी वर्ग
- प्रत्येक बॉक्सवरच्या बॅच नंबरचा फोटो (सगळे एकाच बॅचचे आहेत ना ते गाडी उतरतानाच बघा, नाहीतर दोन छटा येतात)
- वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं
- बसवणाऱ्याचं वेगळं लिहिलेलं कोटेशन
- ओलीच्या परीक्षेचे आणि काम चालू असतानाचे फोटो

वॉरंटी कार्डाची बारीक अक्षरं वाचाच. वीस-वीस वर्षं लिहिलेली असतात ती बहुतेक वेळा वरचा थर झिजण्याची किंवा रंग उडण्याची. पाणी, जमिनीतली ओल आणि चुकीचं बसवणं हे त्यात धरत नाहीत. आणि फ्लोअरिंग बिघडतं ते सहसा याच तीन कारणांनी.

८. बसवताना जवळ उभं राहा

बॉक्स आले की ज्या खोलीत टाकायचे तिथेच आडवे, सपाट, ४८ तास ठेवा. उभे करून भिंतीला टेकवू नका. बोर्ड त्या खोलीच्या हवेला रुळू द्यावा लागतो. मिस्त्री सकाळी आला, टेम्पोही सकाळी आला आणि दुपारी काम सुरू, असं होत असेल तर थांबवा.

मग जमिनीची पातळी. दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी फरशीवर सगळ्या दिशांना फिरवा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो खड्डा आधी लेव्हलिंग कंपाउंडनं भरून पूर्ण वाळवायचा. बसवणारा म्हणेल, "दोन फोम टाकू, भरून निघतंय." नाही निघत. फोम जास्त जाड झाला की चालताना बोर्ड खाली दबतो आणि पट्ट्या एकमेकींत अडकवायचे क्लिकचे खाचे तुटतात. फोम २ मिमीचा, फार तर ३. हलणारी, पोकळ वाजणारी फरशी आधी घट्ट बसवून घ्या.

तळमजल्यावर, किंवा जिथे थोडीही शंका आहे तिथे, फोमच्या खाली २०० मायक्रॉनची प्लास्टिक शीट हवी. शीटचे जोड सात-आठ इंच एकमेकांवर आणि चिकटपट्टीनं बंद. हा ओलीवरचा इलाज आहे असं समजू नका, ही फक्त किरकोळ दमटपणासाठीची काळजी. प्लास्टिकखाली दव धरणाऱ्या खोलीत एसपीसी किंवा टाइल्सच बऱ्या. सासूबाईंच्या खोलीत आम्ही शेवटी टाइल्स लावल्या आणि पलंगाजवळ जाड सतरंजी टाकली. "लाकडावर कुणी पाणी टाकतं का," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. पाणी खालूनही येतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आम्हालाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, भिंतीलगतची फट. लॅमिनेट खाली चिकटवत नाहीत, खिळेही मारत नाहीत. अख्खी खोलीभर फरशी एका तुकड्यासारखी फोमवर नुसती पडून असते. पावसाळ्यात ती पसरते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून चारही भिंतींपासून, दाराच्या चौकटीपासून, खांबापासून ८ ते १० मिमी जागा मोकळी सोडायची. ती नंतर स्कर्टिंगखाली झाकली जाते. आमच्या मिस्त्रीनं "फट दिसायला नको" म्हणून बोर्ड भिंतीला अगदी चिकटवून बसवले. मे महिन्यात काम सुरेख दिसलं. जुलैत हवा दमट झाली, बोर्ड पसरले, भिंतीनं वाट दिली नाही, मग मधूनच वर उठले. दुरुस्ती काय, तर स्कर्टिंग काढून कडेचे बोर्ड सेंटिमीटरभर कापले. दोन दिवसांत फरशी आपोआप खाली बसली. ते बघून मला हसावं की रडावं कळेना.

फट राखायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कापलेल्या ८ मिमी बोर्डाचे तुकडे भिंतीला लावून ठेवायचे आणि काम झालं की काढायचे. काढायचे हे आठवणीनं.

बाकी भराभर सांगते. दारात जोडपट्टी हवी, दोन खोल्या सलग नकोत. खोली आठ-दहा मीटरपेक्षा लांब असेल तर मध्येही पट्टी. शेजारच्या ओळींचे आडवे सांधे निदान एक फूट सरकलेले असावेत. पट्ट्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेनं. शेवटची ओळ दोन इंचांपेक्षा बारीक निघत असेल तर पहिली ओळही कापून सुरू करायची, हा हिशेब काम सुरू होण्याआधी. बोर्डावर थेट हातोडा नको, मध्ये ठोकळा धरायचा. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फ्लोअरिंगला नाही. भिंतीतली मोठी कपाटं आधी बसवा आणि फ्लोअरिंग त्यांच्यापर्यंत आणून थांबवा. कपाट वर चढवलंत तर त्या वजनानं फरशी एका जागी खिळते आणि सगळ्या फटींचा उपयोग जातो.

दारं मात्र विसरू नका. ८ मिमी बोर्ड आणि २ मिमी फोम म्हणजे सेंटिमीटरभर उंची वाढते. सुताराकडून दार तासून घ्याल तेव्हा पावसाळ्याचा अंदाज धरून तासा. जुनी सागवानी दारंसुद्धा जुलैत फुगतातच.

बसवणाऱ्याकडे ही हत्यारं दिसली पाहिजेत: जिगसॉ किंवा कटर, टेप आणि गुण्या, लांब सरळ पट्टी, ठोकायचा ठोकळा, शेवटची ओळ ओढायची लोखंडी आकडी. आकडी नसेल तर भिंतीलगतच्या ओळीचे सांधे उघडे राहतात.

९. पुसायची पद्धत बदलावी लागेल

आपल्याकडे फरशी पुसणं म्हणजे बादलीभर फिनेलचं पाणी आणि निथळणारं फडकं. ते बंद. रोज कोरडा झाडू, आणि दोन-तीन दिवसांनी घट्ट पिळलेलं फडकं. पुसल्यावर मिनिटभरात फरशी वाळली पाहिजे, वाळली नाही तर फडकं जास्त ओलं होतं असं समजा. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना हे पटायला महिना लागला. त्यांच्या मते फरशी ओली दिसली नाही तर पुसलीच नाही. शेवटी वरच्या खोल्यांसाठी वेगळं फडकं ठेवलं आणि बादली जिन्याच्या वर न्यायचीच नाही असं ठरलं. वाफेचा मॉप तर मुळीच नको.

सणावारी जास्त जपायचं. समईखाली ताट, कलशाखाली ताट. हळद-कुंकू लगेच पुसलं तर जातं, पण हळद सांध्यात गेली की पिवळी रेघ राहते, आणि हळदीच्या बाजारपेठेत राहून ती सांडणार नाही असं तर होणार नाही. रांगोळीची बारीक कच पायाखाली घासली की चरे उमटतात, म्हणून रांगोळी पाटावर. पलंग, खुर्च्या, लोखंडी कपाटाच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवा. कपाट ओढायचं नाही, उचलायचं.

पाणी सांडलं तर घाबरू नका. लगेच पुसलं तर काही होत नाही. रात्रभर राहिलं तर होतं. एखादी पट्टी फुगलीच तर जवळच्या भिंतीपासून क्लिक सोडवत तिथपर्यंत यायचं, पट्टी बदलायची आणि परत जोडत जायचं. तासा-दोन तासांचं काम आहे, पण त्याच डिझाइनची पट्टी हवी. पुढे कंपनी डिझाइन बंद करू शकते, म्हणून उरलेला अर्धा बॉक्स जपायचा. आमचा वरच्या माळ्यावर सपाट ठेवला आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डिझाइन क्रमांक वर मार्करनं लिहून. जिन्याखाली ठेवला होता, तिथून हलवला.